१९६१, कुर्डी, कुवेत : ज्यांना कोणी विचारले नाही, त्यांच्या आठवणी कशा नोंदवाव्यात?

अंत्रूजकर

फोंडा तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयातर्फे आम्ही काही जण सध्या वृद्धांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करत आहोत. विषय युद्ध आणि विस्थापन हा आहे. गोव्यात कसले युद्ध, असे कोणी विचारील. १७ डिसेंबर १९६१च्या रात्री सुरू झालेली लष्करी कारवाई १९ डिसेंबरला पोर्तुगीज गव्हर्नर जनरल व्हासालो ए सिल्वा यांच्या शरणागतीने संपली आणि शाळेच्या पुस्तकातही ती तितक्याच झटपट संपते. त्या वेळी जे दहा-बारा वर्षांचे होते ते आज पंचाहत्तरीच्या घरात आहेत. जे तेव्हा संसाराला लागलेले होते त्यांच्यापैकी बोलण्याच्या स्थितीत फारच थोडे उरले आहेत.

स्वातंत्र्यसैनिकांच्या मुलाखती झाल्या, त्यांनी आत्मकथने लिहिली, त्यांचा गौरव झाला, आणि ते योग्यच झाले. माझे म्हणणे त्यांच्याबद्दल नाही. ज्यांनी सत्याग्रहही केला नाही आणि पाखल्यांची, म्हणजे पोर्तुगीजांची, चाकरीही केली नाही, ज्यांच्या अंगणावरून एका रात्रीत एक राजवट गेली आणि दुसरी आली, त्या कुळांना, पदेरांना (पाव भाजणाऱ्यांना), होडीवाल्यांना, घरात राहिलेल्या बायकांना आजवर कोणी काही विचारलेलेच नाही.

आमचा अंत्रूज महाल, म्हणजे आजचा फोंडा तालुका, हा पोर्तुगीजांमुळे विस्थापित झालेल्या देवांचा महाल आहे. कुशस्थळीचा मंगेश १५६०मध्ये प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला आली. देव कोठून आले, नदी कोठे ओलांडली, हे आम्ही आजही बिनचूक सांगतो. मात्र त्या देवांबरोबर निघालेल्या एकाही बाईने घरातून काय उचलले आणि काय मागे ठेवले, हे आज कोणालाही ठाऊक नाही. १९६१च्या बाबतीत तरी तसे होऊ नये, एवढीच या खटाटोपामागची इच्छा आहे.

एक नमुना देतो. पोर्तुगीजांनी माघार घेताना बाणस्तारीचा पूल सुरुंगाने उडवला, हे सर्वांना माहीत आहे. तेथून जवळच राहणाऱ्या एक आजी तेव्हा नव्याने लग्न होऊन आलेल्या होत्या. त्यांच्या बोलण्यात पूल अगदी शेवटी आला. आधी आली ती पेज. चुलीवर पेज शिजत होती, धक्क्याने कौलांखालची वर्षानुवर्षांची काजळी एकदम खाली आली आणि भांड्यावर काळा थर पसरला. सासूबाईंनी ती पेज ओतू दिली नाही. वरची काजळी पळीने काढून मुलांना तीच वाढली, कारण तांदूळ पुन्हा कधी मिळतील याचा भरवसा नव्हता. हे सांगताना आजींनी उजव्या हाताने हवेत पळी फिरवून दाखवली, आणि दर वेळी हात बाहेरच्या बाजूला झटकला. यंत्रात तो हात उमटत नाही, म्हणून मुलाखत संपताच ते वहीत लिहून ठेवले.

जाणकारांनी तीन-चार बाबतींत मार्गदर्शन करावे. सांगणाऱ्याचा तपशील उघडउघड चुकत असेल तर त्याला तेथेच थांबवावे का? केवळ १९६१पुरते राहावे की विस्थापनाचा अर्थ व्यापक धरावा? आणि हे सारे ठेवायचे कोठे?

शंकासूर

उपक्रम चांगला आहे, तरी थोडा विरोधाचा सूर लावतो. साठ-पासष्ट वर्षांनंतर सांगितलेली आठवण ही आठवण राहतच नाही. दर १९ डिसेंबरला भाषणे होतात, वर्तमानपत्रांच्या पुरवण्या निघतात, नातवंडांची निबंधाची वही घरात मोठ्याने वाचली जाते, आणि हे सगळे त्या मूळ आठवणीत मिसळते. मी वास्कोचा. 'आफोन्सो द आल्बुकेर्क' ही पोर्तुगीज युद्धनौका १८ डिसेंबरला मुरगावपाशी झालेल्या चकमकीत निकामी होऊन किनाऱ्याला लागली. आमच्या पिढीच्या लहानपणी असा एकही वडीलधारा भेटला नाही ज्याने ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली नव्हती. दाबोळीच्या विमानतळावर बाँब पडत असताना इतकी माणसे किनाऱ्यावर उभी राहून लढाई पाहत होती, यावर माझा विश्वास बसत नाही. अशा साक्षींना इतिहास म्हणायचे असेल, तर त्यांच्या शेजारी कागदपत्र ठेवलेच पाहिजेत.

पाटीपेन्सिल

शंकासूर, कागदपत्र शेजारी ठेवावेत, याबद्दल दुमत नाही. पण कागदाशी जुळत नाही म्हणून साक्ष टाकून द्यावी, हे मला पटत नाही. इटलीतील तेर्नी या कारखानदारीच्या गावात १९४९मध्ये लुइजी त्रास्तुल्ली नावाचा तरुण कामगार पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. निदर्शने नाटो करारात सामील होण्याच्या विरोधात होती. आलेस्सांद्रो पोर्तेल्ली या अभ्यासकाने काही दशकांनी तेथील कामगारांना बोलते केले, तेव्हा अनेकांनी तो मृत्यू १९५३मध्ये, मोठ्या कामगारकपातीच्या वेळच्या आंदोलनात झाला असे सांगितले. पोर्तेल्लीने त्यांना खोटे ठरवले नाही. आपल्या सोबत्याचा जीव गेला तो आपल्या भाकरीच्या लढ्यात गेला, असे एका सबंध गावाला का वाटावे, हा प्रश्न त्याने धरला, आणि त्यातून त्या गावाबद्दल जे कळले ते पोलिसांच्या दप्तरातून कधीच कळले नसते.

आपल्या वास्कोकरांनाही हेच लागू आहे. सगळ्यांनीच नौका पाहिली नसेल. मग प्रत्येकाला ती पाहिली असे का म्हणावेसे वाटते, हे विचारण्यासारखे आहे. म्हणून मुलाखतीत अडवू नये. वर्ष चुकले तर चुकू द्यावे, आणि शब्दांकनाच्या खाली संपादकाची टीप द्यावी. मी निवृत्त शिक्षक आहे. चूक दिसली की लाल शाई उघडण्याची सवय जन्मभराची, त्यामुळे हा संयम पाळणे किती जड जाते ते मला कोणी सांगायला नको.

दिवाडकरीण

मला वाटते, प्रश्न कसा विचारला जातो यावरच निम्मे अवलंबून असते. 'मुक्तीचा दिवस तुम्हांला आठवतो का?' असे विचारले की समोरचा माणूस सरसावून बसतो आणि भाषण देतो. घटनेऐवजी वस्तूबद्दल विचारावे.

आमच्या घरची गोष्ट सांगते. वडील मुंबईत गिरगावात नोकरीला, आई आणि आम्ही मुले दिवाडीला. १९५५मध्ये भारत सरकारने नाकेबंदी कडक केली, कॅसलरॉकवरून येणारी आगगाडी बंद झाली, मनीऑर्डर बंद झाली. युद्ध १९६१मध्ये झाले असे पुस्तक म्हणते, पण आमच्या घरापुरते ते त्याआधी सहा वर्षे सुरू झाले होते. वडिलांना ना परवाना मिळे ना रजा. आईने पहिल्या वर्षी पाटल्या पणजीच्या बांको नासिओनाल उल्त्रामारिनो या बँकेत गहाण ठेवल्या, नंतर गळ्यातले ठेवले. सैन्य येण्याआधी बँकेने गहाणाचे सोने लिस्बनला हलवले. ते १९९१मध्ये भारतात परत आले, तोवर सोने ठेवणारी माणसे बहुतेक निघून गेली होती.

माझ्या आईला १९६१बद्दल विचारले तर ती म्हणायची, 'काय सांगणार, पाखले गेले, आपले आले.' पाटल्यांबद्दल विचारले की ती तासभर बोलायची : बँकेतला कारकून कोणत्या भाषेत बोलला, गहाणखताची चिठ्ठी देवघरात कोठे दडवली, वडील परत आल्यावर तिचा रिकामा हात पाहून कसे गप्प झाले. तेव्हा मुलाखतीला जाताना एखादा जुना कागद, पासपोर्ट, फोटो समोर ठेवायला सांगा, आणि नंतर आपण शक्यतो गप्प बसा.

सांगेवासी

अंत्रूजकर, आपण विस्थापनाचा अर्थ व्यापक धरावा का असे विचारलेत, म्हणून हा प्रतिसाद. धरावाच लागेल, नाही तर सांगे तालुका आपल्या संग्रहात येणारच नाही.

आमचे मूळ गाव कुर्डी. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचे नाव ज्या गावावरून पडले तेच. साळावली धरणासाठी आमच्या गावाने जमीन सोडली. पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः गावात आले होते आणि तुमच्या त्यागाने सगळ्या दक्षिण गोव्याला पाणी मिळेल असे म्हणाले होते, हे आमच्याकडे प्रत्येक घरात सांगतात. ऐंशीच्या दशकात गाव पाण्याखाली गेले. कदंबकालीन महादेवाचे देऊळ दगडान् दगड उतरवून धरणाजवळ पुन्हा उभारले गेले. माणसे वाडे आणि वालकिणी येथील वसाहतींत आली. आम्ही युद्धातले नाही, हे मान्य. आमच्यावर कोणी गोळी झाडली नाही. आम्हांला हार घालून उठवले.

दर उन्हाळ्यात पाणी उतरले की गाव वर येते. मे महिन्यात सोमेश्वराचा उत्सव होतो, ख्रिस्ती बांधव चॅपेलचे फेस्त करतात, आणि वर्षभर पाण्याखाली असलेल्या जमिनीवर दोन्हीकडची माणसे एकमेकांची वास्तपुस्त करतात. मी माझ्या काकांची मुलाखत आधी वसाहतीतल्या घरी घेतली. काका खुर्चीत बसून विचारल्या प्रश्नाला 'होय', 'नाही' म्हणत राहिले. पुढे मे महिन्यात त्यांना कुर्डीला नेले. जोत्याच्या उरलेल्या चिऱ्यांवर पाय ठेवल्याबरोबर ते स्वयंपाकघरातून माजघरात चालावे तसे चालू लागले, एका जागी दार होते म्हणून वाकले, आणि पुढे निघाले. चौकट राहिलेली नाही, पण त्या चौकटीला डोके आपटू नये म्हणून त्यांची मान अजून वाकते. विहिरीपाशी आल्यावर त्यांनी आपण होऊन सांगितले की घर पाडायला मजूर लावले नव्हते, वाशे आणि कौले नव्या घराला उपयोगी पडतील म्हणून भावाभावांनी स्वतःच्या हातांनी उतरवली होती. वसाहतीत बसून हे त्यांच्या तोंडून आले नव्हते.

त्यामुळे माझी सूचना अशी की जेथे मूळ जागा अजून आहे तेथे माणसाला त्या जागी न्या आणि चालता चालता बोलू द्या. आमच्यासाठी ती मुभा फक्त पावसाळ्यापूर्वीच्या काही आठवड्यांची असते. दुर्दैवाने त्याच आठवड्यांत आता हौशी पर्यटक कॅमेरे घेऊन येतात आणि आमच्या जोत्यांवर उभे राहून छायाचित्रे काढतात, त्यामुळे सकाळी लवकर जावे.

ध्वनिवेडा

उघड्या जागी चालता चालता मुद्रण करायचे असेल तर वाऱ्याची सोय आधी करा. सदऱ्याच्या कॉलरला लावायचा साधा मायक आणि त्यावर केसाळ टोपी, एवढ्याने बरेच काम भागते. घरात सर्वांत मोठा शत्रू छताचा पंखा. म्हाताऱ्या माणसांना उकाड्यात पंखा बंद करून बसवणे अमानुष आहे, म्हणून पंखा चालू ठेवा आणि मायक हनुवटीच्या एक वीत खाली आणा. मोबाईलवर मुद्रण करणार असाल तर गोंगाट आपोआप कमी करणारी सोय बंद करा. ती हळू आवाजातले शब्द खाऊन टाकते, आणि दुःखाचे बोलणे बहुधा हळू आवाजातच होते.

मूळ फाईल वेव्ह स्वरूपात ठेवा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, एका मायकचे मुद्रण तासाला सुमारे अर्धा जीबी जागा घेते. आजच्या काळात ती काहीच नाही. एमपी-३ प्रत ऐकण्यासाठी आणि पाठवण्यासाठी वेगळी करा. तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावात. प्रत्येक मुद्रणाच्या आरंभी तारीख, गाव, विचारणाऱ्याचे आणि सांगणाऱ्याचे नाव मोठ्याने बोला, कारण फायलीचे नाव कोणीही बदलू शकतो. आणि कृपा करून 'मुलाखत शेवटची नवीन २' अशी नावे देऊ नका. शब्दांकनाला मुद्रणाच्या पाच-सहा पट वेळ लागतो हे गृहीत धरूनच मुलाखतींची संख्या ठरवा. न उतरवलेल्या शंभर तासांपेक्षा उतरवलेले दहा तास जास्त कामाचे.

आखातातून_परतलेला

धागा वाचून लिहावेसे वाटले. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत घेतले तेव्हा मी तेथे एका वर्कशॉपमध्ये होतो. गोव्याची हजारो माणसे तेथे होती. पुढचे सगळ्यांना माहीत आहे : बसने बगदाद, तेथून जॉर्डनची सरहद्द, वाळवंटातले तंबू, शेवटी अम्मानहून एअर इंडियाचे विमान. लाखाहून अधिक भारतीयांना अशा रीतीने परत आणले गेले आणि त्या विमानांबद्दल अजूनही लिहून येते. विमानात बसण्याआधीच्या दिवसांबद्दल मात्र कोणी लिहीत नाही.

मी म्हापशाला घरी पोचलो तेव्हा शेजारीपाजारी भेटायला आले आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच होता : किती बुडाले? इराक्यांनी कुवेती दिनार रद्द केला होता, त्यामुळे उशीखाली ठेवलेली रोकड कागद झाली होती, हे मी सांगत राहिलो. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या नुकसानभरपाई आयोगाचे फॉर्म भरले. त्यातही कुवेत केव्हा सोडले, काय काय गमावले, एवढेच होते. पैसे मिळाले, तक्रार नाही. पण तपासणी नाक्यावर रांगेत उभे असताना माझ्या पुढच्या माणसाला बाजूला काढले आणि रांग पुढे सरकली, तेव्हा मीही पुढे सरकलो, हे विचारणारा रकाना त्या फॉर्मात नव्हता आणि घरातल्या कोणाच्या प्रश्नातही नव्हता. माझी मुले आता चाळिशीला आली; त्यांना हे ठाऊक नाही.

अंत्रूजकर, आपल्या यादीत माझ्यासारख्यांचीही नोंद करावी. मी बोलायला तयार आहे. फक्त प्रश्न विचारणारा ओळखीचा नसावा.

पेडण्याची_लेक

वरचा प्रतिसाद वाचून थांबले होते, आता लिहिते. सगळे जण कसे बोलते करावे यावर लिहीत आहेत, म्हणून बोलल्यानंतरचे काय, याकडे लक्ष वेधते.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या उत्तर सीमेवरील पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला. माझ्या आईचे माहेर त्याच बाजूला. तिने दोन वर्षांपूर्वी मला सगळे सांगितले आणि मी ते मुद्रित केले. त्यात गावातल्या एका माणसाचे नाव आहे, जो पोलिसांना खबरा पुरवत असे, अशी तेव्हा कुजबूज होती. तो माणूस कधीच वारला. त्याची नातवंडे आमच्याच वाड्यावर राहतात, आमच्या चवथीला आरतीला येतात. आईने मुद्रण ऐकले आणि दुसऱ्या दिवशी म्हणाली, 'हे माझ्या मागे कोणाला ऐकवू नकोस.' मी ते पुसलेले नाही आणि कोणाला दिलेलेही नाही.

आपल्याकडे संमतीपत्र म्हणजे सुरुवातीला घ्यायची एक सही, असा समज आहे. माझ्या मते सही बोलणे संपल्यावर आणि ऐकून झाल्यावर घ्यावी, कारण आपण काय बोललो हे माणसाला तेव्हा कळते. सहीत नुसते 'होय' नसावे. आता खुले, दहा वर्षांनी खुले, माझ्या पश्चात खुले, अमुक भाग बंद, असे पर्याय असावेत, आणि मत बदलण्याचा हक्क असावा. तिसऱ्या माणसाचे नाव आले तर तो भाग वेगळा काढून ठेवावा. कुळ-मुंडकाराच्या (मुंडकार म्हणजे जमीनमालकाच्या जागेत घर करून राहणारा) जमिनीच्या भानगडी असलेल्या गावांत तर हे फारच जपावे लागेल; लोक मुद्रण घेऊन उद्या मामलेदाराकडे जातील.

शंकासूर

ताई, आपला मुद्दा मान्य. पण त्यातून एक अडचण निघते. जे बंद ठेवायचे ते बहुधा तेच असते जे गौरवाच्या गोष्टीत बसत नाही. खबऱ्याचे नाव बंद, पोर्तुगीज नोकरीतल्या माणसाची हळहळ बंद, १९६१नंतर लिस्बनला किंवा मोझांबिकला गेलेल्या कुटुंबांची बाजू बंद. मग खुल्या संग्रहात काय उरणार? दर १९ डिसेंबरचे भाषणच.

पेडण्याची_लेक

बंद म्हणजे नष्ट नव्हे. संग्रहाच्या सूचीत तो भाग असल्याची नोंद राहील, विषय राहील, खुला होण्याचे वर्ष राहील. अभ्यासकाला निदान कळेल की येथे काही आहे आणि ते अमुक साली मिळेल. दक्षिण गोव्यातल्या सासष्टीतल्या किंवा लिस्बनमधल्या माणसांना आपण विचारलेच नाही तर मात्र सूचीतही काही येणार नाही. ती जबाबदारी विचारणाऱ्याची आहे. ती बोलणाऱ्या म्हाताऱ्यांवर ढकलू नये.

पाटीपेन्सिल

लिस्बनमधल्या कुटुंबांना दूरध्वनीवरून विचारता येईल, पण फोंड्यातच एक उपेक्षित बाजू आहे. शरणागतीनंतर तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक मे १९६२पर्यंत गोव्यातल्या छावण्यांत युद्धकैदी होते आणि एक छावणी फोंड्याला होती. तेथे पाव, भाजी, लाकूडफाटा पुरवणारी माणसे आपल्याच गावांतली असणार. काल जे सत्ताधीश होते ते आज तारेच्या कुंपणाआड रांगेत उभे राहिलेले पाहून त्या वयातल्या मुलांना काय वाटले, हे मी तरी कोठे वाचलेले नाही. अंत्रूजकरांनी हे जरूर विचारावे.

अंत्रूजकर

सर्वांचे आभार. येथील चर्चेवरून आम्ही काही गोष्टी ठरवल्या आहेत. सही यापुढे ऐकवून झाल्यावर, आणि पेडण्याच्या ताईंनी सुचवलेल्या पर्यायांसह घेऊ; आधीच्या मुलाखतींतील सर्वांकडे पुन्हा जाऊ. तपशिलातल्या विसंगतींवर पाटीपेन्सिल यांनी सुचवल्याप्रमाणे तळटीप देऊ. त्या टिपा लिहिण्याचे काम शंकासूरांनी स्वीकारावे अशी विनंती आहे, कारण इतक्या संशयी वृत्तीचा माणूस आमच्या वाचनालयात नाही.

संग्रह कोठे ठेवावा, हे अजून सुटलेले नाही. एक प्रत वाचनालयात राहील. दुसरी पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयाकडे किंवा पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्राकडे ठेवता येईल का, याची चौकशी करत आहोत. बंद भागांची अट जी संस्था लेखी मान्य करील तिच्याकडेच देऊ, नाही तर तिसरी प्रत ध्वनिवेडा यांच्या घरी, दुसऱ्या गावात.

आखातातून परतलेल्या काकांना मी वेगळा निरोप पाठवला आहे. विचारणारी मुलगी काणकोणची आहे, आपल्याला किंवा आपल्या घरच्या कोणाला ओळखत नाही. फोंड्याच्या छावणीबद्दल विचारायला उद्या सकाळीच एका पदेराच्या मुलाकडे चाललो आहे. त्यांचे वय ब्याऐंशी, आणि दुपारनंतर त्यांना नीट ऐकू येत नाही असे घरच्यांनी कळवले आहे.

शंकासूर

टिपांचे काम घेतो. पदेराच्या मुलाला एवढे विचारा की पावाचे पैसे कोणी दिले आणि कोणत्या चलनात. त्यावरून तारखेचा अंदाज लागेल.